बेबीच्या नावाचा स्वेटर

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात, सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये, हिवाळा लागला की जेवणं आटोपून बायका आपापल्या दारच्या पायरीवर उन्हात विणत बसायच्या. ही रीत इकडची नव्हती. आजूबाजूच्या गावांत त्या दिवसांत बायकांच्या हाती विळा असे, कारण धान कापणीला आलेलं असे. पण फॅक्टरीत देशाच्या सगळ्या बाजूंनी माणसं कामाला आलेली. त्यांच्या बायकांनी आपापल्या मुलखातलं हातकाम सोबत आणलं, आणि बघता बघता इकडच्याच बपेऱ्याहून आलेल्या कृष्णरावांच्या घरातही लोकरीचे गोळे घरंगळू लागले.

कृष्णरावांना फॅक्टरीत बारा वर्षं झाली होती. घरात बायको गिरजाबाई आणि दोन मुली. थोरली रुखमिणी सत्तावीस वर्षांची. लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय वाळलेला. गुडघ्यावर हात दाबून ती चालायची. तिला पाहायला आलेली तीन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. चौथ्या वेळी कोणाला बोलवायचं गिरजाबाईंनी सोडून दिलं. धाकटी बेबी वीस वर्षांची, गोरी, हसरी आणि उतावळी. तिच्या हातात सुया दिल्या तर ती दहा टाके विणून त्यांनी पाठ खाजवायची.

रुखमिणीला विणायला शिकवलं ते शेजारच्या ठाकूरबाईंनी. त्या कुलूकडच्या. सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्यांनी एक जुनं परदेशी पुस्तक आणून रुखमिणीच्या मांडीवर ठेवलं. त्यात बर्फात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात गर्द निळा स्वेटर होता. अंगावर आणि बाह्यांवर आठ पाकळ्यांच्या पांढऱ्या चांदण्यांच्या रांगा, आणि मधल्या सगळ्या जागेत पांढरे ठिपके, तांदूळ सांडावे तसे.

"नॉर्वे देश का है. मुझसे नहीं बना," ठाकूरबाई म्हणाल्या. "तेरे हाथ में सफाई है. तू बनाएगी. और सुन, उनके यहाँ इन सफेद दानों को जुएँ बोलते हैं."

बेबीला तेवढंच पुरलं. "आई वं! ताई उवाचा स्वेटर विणून राहिली! फणी आणा कोणी!" ती ओरडत घरभर फिरली, आणि ठाकूरबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

काम मोठं अवघड होतं. दोनशे चाळीस टाके गोल सुईवर घालायचे आणि नळीसारखं वर वर विणत जायचं. प्रत्येक ओळीत दोन्ही रंग सोबत चालायचे. जो रंग पुढे दिसत नाही त्याचा धागा मागून धावायचा. तो धागा जरा ओढला गेला की कापड आखडायचं, सैल सुटला की त्यात घालणाऱ्याची बोटं अडकायची. रुखमिणीने गणिताच्या चौकटीच्या वहीवर चांदणी उतरवून घेतली. एक चौकट म्हणजे एक टाका. तीन निळे, एक पांढरा, पाच निळे, दोन पांढरे, असं ओठांतल्या ओठांत मोजत ती विणायची. मोजताना कोणी बोललं तर ती मान वर न करता म्हणायची, "थांब." घरातल्यांना त्याची सवय झाली होती. एका टाक्याची चूक झाली तर ती लगेच दिसत नसे. चार ओळी वर गेल्यावर चांदणीची पाकळी वाकडी निघायची, आणि मग दोनशे चाळीसच्या चार ओळी उसवायच्या.

स्वेटर बाबांच्या मापाचा घातला होता. पहाटपाळीला जाताना फॅक्टरीच्या बसमध्ये कृष्णराव कुडकुडत बसायचे. आपल्याला कोणासाठी तरी काही करता येतं, एवढं रुखमिणीला त्या लोकरीने दिलं होतं.

माघात बेबीला पाहायला दिघोरीची माणसं आली. मुलगा इश्वर गावच्याच शाळेत मास्तर, घरी धानाची शेती, वडील वारलेले, आई गोदावरीबाई सगळं बघायच्या. अशा वेळी रुखमिणी आतल्या खोलीत बसायची. थोरली मावशीकडे गेली आहे, असं सांगायचं ठरलेलं असे. पाय दिसला तर धाकटीचंही अडायचं.

पडद्याआडून तिला सगळं ऐकू येत होतं. पोहे झाले, नाव-गाव झालं. मग गोदावरीबाई म्हणाल्या, "पोरीले हातकाम येते का काही?"

ही विचारायची रीतच होती, आणि दाखवायचीही. गिरजाबाईंनी रुखमिणीने भरलेले उशीचे अभ्रे काढले, रुमाल काढले. तेवढ्याने गोदावरीबाईंचं तोंड काही उजळलं नाही. तेव्हा गिरजाबाई आत आल्या, रुखमिणीकडे न बघता टोपलीतून सुईसकट तो स्वेटर उचलला आणि बाहेर नेला. तो तेव्हा वीतभर झाला होता. ठिपके संपून चांदण्यांची पहिली टोकं फुटली होती.

"हे पाहा. सध्या हेच विणून राहिली आमची बेबी. बाहेरदेशचा नमुना आहे."

मग गोदावरीबाईंचा आवाज आला, मऊ झालेला. "माय वं. हे तूनं केलं का?"

बेबीने काय उत्तर दिलं ते आत ऐकू आलं नाही. मान हलवली असेल.

"मग हा आमच्या इश्वरलेच होऊ दे. बाकीचा आमच्या घरी येऊन पुरा करजो."

पाहुणे गेल्यावर बेबी आत धावत आली आणि रुखमिणीच्या गळ्यात पडली. "ताई, मले तं टाकाही धड पडत नाही! आता वं?"

"तू कायले घाबरते," गिरजाबाई दारातून म्हणाल्या. "अख्ख्या दुनियेत असंच करतेत. लग्न होऊन जाऊ दे, मग कोण विचारते." मग रुखमिणीकडे वळून हळूच म्हणाल्या, "बाबाले दुसरा विणजो."

रुखमिणीने टोपली कोपऱ्यात सरकवली. त्या घरात तिच्या वाट्याला मोठेपण येण्याची ही एकच वाट होती, आणि धाकटीचं भलं होत असेल तर तेही जाऊ दे, असं तिला खरोखर वाटलं.

लग्न वैशाखात झालं. रुखवतात लाडू-चकल्यांच्या मधोमध तो स्वेटर मांडला होता, सुई तशीच, आणि समोर पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरांत 'सौ. बेबी' लिहिलेलं. बायका वाकून वाकून बघत होत्या. ठाकूरबाईही आल्या होत्या. त्यांनी पुठ्ठा वाचला, रुखमिणीकडे पाहिलं, आणि जेवायला न थांबता निघून गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली.

लग्नाआधी आठ दिवस रुखमिणीने बेबीला शिकवायचा प्रयत्न केला होता. पण घरात पाहुणे, मेंदी, हळद. आणि बेबीचं लक्ष कधीच एका जागी राहत नसे. "ताई, निळा कोणत्या बोटावर घेऊ?" "डाव्या." "अन् पांढरा?" "उजव्या. मोज." "तीन, एक, पाच... ताई, थे मास्तर हसतेत तं गालाले खळी पडते, पाहिलं का तूनं?"

आखाडाला बेबी पहिल्यांदा माहेरी आली, चार दिवसांसाठी. ट्रंकेतून तिने आधी स्वेटर काढला. "पाहा ताई, काय वाट लावली मी." सासूच्या समोर बसून तिने चार बोटं विणलं होतं. कुठे पाकळी तुटलेली, कुठे मागचा धागा इतका सैल की त्याचे फास लोंबत होते. रुखमिणीने ते सगळं उसवलं, आणि मग जेवढं दोन महिन्यांत व्हायला हवं होतं तेवढं चार दिवसांत विणून काढलं. गिरजाबाई स्वयंपाकाला तिला उठू देत नव्हत्या. बेबी शेजारी पाय पसरून बसायची, दिघोरीच्या गोष्टी सांगायची. घर मोठं आहे. सासूबाई पहाटे चारला उठतेत. मास्तर आईसमोर बोलत नाहीत. धानाच्या रोवणीला तिलाही पाणी भरलेल्या बांधीत उतरावं लागलं, सगळ्या हसल्या, क्वार्टरची पोरगी चिखलात पडली म्हणून.

"हं," रुखमिणी म्हणायची. "थांब जरा. सात, आठ."

दिवाळीला आली तेव्हा बेबी उन्हाने काळवंडली होती. तिच्या बोटांना चिखल्या होऊन गेल्याच्या खुणा होत्या. भेगांमध्ये लोकर अडकायची. तिने विणलेलं या खेपेला निराळं होतं. चुका पूर्वीइतक्याच होत्या, पण टाके इतके घट्ट की रुखमिणीला त्यात सुई शिरवता येईना. जसं कोणी दात आवळून विणलं होतं. ती ओळ हातात घेऊन रुखमिणीने बेबीकडे पाहिलं.

"इतकं कसून कायले विणते वं?"

"सासूबाई समोर बसून राहतेत ना," बेबी म्हणाली. "हातच आवळतेत."

गिरजाबाई घाईघाईने म्हणाल्या, "उसवून टाक. लवकर कर, परवा जायचं आहे तिले." रुखमिणीने ते उसवलं. घट्ट टाके उसवताना धागा कुरकुरत निघतो, आणि निघाल्यावरही वाकडाच राहतो. वाफ देऊन सरळ करावा लागतो. चहाच्या भांड्यावर धरून तिने तो सरळ केला. वर सुबक विणून दिलं. दिघोरीला कळायला नको, एवढीच तिघींची चिंता होती. खोटं उघडं पडलं तर बेबीचं तिथे काय होईल, ह्या भीतीने तिघींच्या हाताला वेग यायचा आणि तोंडं बंद व्हायची.

एकोणऐंशीचं वर्ष असंच गेलं. उन्हाळ्यात बेबी आली तेव्हा तिचं तीन महिन्यांचं पोट पडलेलं होतं. ते तिने आल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि गिरजाबाई रडल्या. तिला डिंकाचे लाडू करून दिले. त्या खेपेला स्वेटर बगलेपर्यंत आला.

त्या वर्षी दिवाळीला आली ती आठ दिवसांसाठी आली, आणि पायरी चढतानाच म्हणाली, "सासूबाईनं सांगितलं आहे, या थंडीले पुरा झाला नाही तं स्वेटर घेऊन येऊ नको, अन् तूही येऊ नको."

"मस्करी केली असन," कृष्णराव म्हणाले.

बेबी हसली. तिचं हसणं आता पूर्वीसारखं उसळत नव्हतं. गळ्यातून येऊन ओठांवर थांबत होतं.

आठ दिवसांत गळा, खांदे, दोन्ही बाह्या. रुखमिणी पहिल्या दिवशी सकाळी बसली ती उठलीच नाही म्हटलं तरी चालेल. तिचा वाळका पाय बधिर व्हायचा, तेव्हा गिरजाबाई येऊन तेल लावून जायच्या. तिसऱ्या दिवशी अंग पुरं झालं, आणि मग ती वेळ आली जिची आठवण ती दोन वर्षं टाळत होती. ह्या तऱ्हेच्या स्वेटरला बाह्यांसाठी जागा सोडलेली नसते. सगळी नळी अखंड विणायची, आणि शेवटी कात्री घेऊन दोन्ही बगला उभ्या कापायच्या. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी शिवणयंत्राची शिवण मारून घेतली की टाके सुटत नाहीत, असं ठाकूरबाईंनी सांगितलं होतं. त्यांनीही ते फक्त वाचलं होतं.

शिवणी मारून झाल्या. रुखमिणीने कात्री उघडली तेव्हा गिरजाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"विणलेलं कोणी कापते का वं? दोन वर्षांचं आहे. सुटलं तं?"

"सुटलं तं सुटलं. कापल्याशिवाय बाही कुठं लावू?"

बेबी भिंतीला टेकून बघत होती. "काप ताई," ती म्हणाली. "सुटू दे."

रुखमिणीने कापलं. कात्रीखाली लोकर करकरत तुटत गेली. पण शिवण धरून राहिली. एक टाका सुटला नाही. गिरजाबाईंनी देवाला हात जोडले. बेबी उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

मग बाह्या. बाही कापलेल्या कडेवरून टाके उचलून खाली मनगटाकडे विणत जायची, आणि दर काही ओळींनी टाके कमी करायचे, तेही चांदणीची घडी न मोडता. साऱ्या स्वेटरात सर्वांत जास्त मोजावं लागे ते इथे. सहाव्या दिवशी दुपारी गिरजाबाई दळण घेऊन गेल्या होत्या, कृष्णराव कामावर होते. घरात दोघी बहिणीच. बाहेर पायरीवर ऊन होतं. रुखमिणी दुसऱ्या बाहीच्या चांदणीत होती.

"ताई," बेबी म्हणाली.

"हं."

"ताई, ऐक ना."

"बोल ना. ऐकून राहिली." सुया चालत होत्या.

बेबीने लोकरीच्या गोळ्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाली, "मी नाही गेली तं चालन का?"

"थांब," रुखमिणी म्हणाली. "मोजून राहिली. अकरा, बारा, तेरा निळे."

ओळ मोठी होती. मध्ये दोन टाके कमी करायचे होते. ती ओळ पुरी करून, वहीवर पेन्सिलची खूण करून तिने मान वर केली. मोजणारीला शब्द ऐकू येतात, अर्थ मागून पोचतो. तो पोचायच्या आतच तिने विचारलं, "हं, काय म्हणत होती?"

बेबी उठून उभी राहिली होती. "काही नाही. चहा घेतं का म्हटलं."

"घेतो ना. आलं टाक."

बेबीने चहा केला. आलं टाकलं. दोघींनी मिळून प्यायला. स्वेटरच्या आतल्या बाजूला मागच्या धाग्यांवरून हात फिरवत बेबी म्हणाली, "मागून पाहिलं तं सगळं उलटं दिसते, नाही का?" आणि रुखमिणी म्हणाली, "मागून कोण पाहते?" एवढंच.

आठव्या दिवशी सकाळी शेवटचा टाका बंद झाला. रुखमिणीने स्वेटर पाण्यातून काढला, टॉवेलमध्ये दाबला, खाटेवर उन्हात पसरला. चांदण्या ताठ उभ्या राहिल्या. क्वार्टरांतल्या बायका बघायला आल्या, आणि गिरजाबाई प्रत्येकीला म्हणाल्या, "आमच्या बेबीनं पुरा केला एकदाचा." बेबी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून साडीच्या काठाशी चाळा करत होती.

संध्याकाळी इश्वर न्यायला आला. त्याने स्वेटर अंगात घातला. त्याचा बांधा कृष्णरावांसारखाच; खांद्यावर, छातीवर, मनगटावर, जिथल्या तिथे बसला. आरशात बघून तो म्हणाला, "फार सुंदर झाला," आणि बोलताना त्याची नजर एकदा रुखमिणीच्या हातांकडे जाऊन आली. तेव्हा तिला वाटलं, आपल्यालाच तसं भासलं.

बस सुटताना बेबीने खिडकीतून हात हलवला नाही. ती समोर बघत होती. रुखमिणी थकली होती. घरी येऊन ती झोपली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोजल्याशिवाय झोपली.

डिसेंबरच्या मध्यावर फॅक्टरीत तार आली: बेबी सीरियस. तारेत सीरियस म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत असे, तरी गिरजाबाईंनी सोबत औषधाची पुडी आणि मोसंबी घेतली. दिघोरीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सकाळी बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, धुणं धुवायला गेली, पाय घसरला, असं सांगितलं. बोडीत तेव्हा कमरेच्या जरा वर पाणी होतं. गावचे चार लोक तेच बोलले, पोलिसानेही तेच लिहून नेलं. खरं काय ते कोणी सांगितलं नाही. ह्यांनीही विचारलं नाही.

तेरवीला तिघं परत गेली. थंडी कडाक्याची होती. अंगणात धानाचा कोंडा पेटवून पुरुष शेकत बसले होते. इश्वरने तोच स्वेटर घातला होता. घरात दुसरा नव्हता.

आत बायकांमध्ये गिरजाबाई भिंतीला डोकं टेकून रडत होत्या. इकडे बाई रडते तेव्हा गेलेल्याचे एकेक गुण काढून, सूर धरून रडते. "माझी लेक वं... कधी कोणाले उलटून बोलली नाही वं... हाताची गुणाची वं... डोळे फोडून नवऱ्यासाठी स्वेटर विणला वं, चांदण्या काढल्या वं..."

रुखमिणीने खाली मान घातली. आताही आईच्या तोंडून तेच निघत होतं.

तेव्हा समोर बसलेल्या गोदावरीबाई बोलल्या. रागाने नाही, दमलेल्या बाईसारख्या बोलल्या.

"आता तरी कायले वं विहीणबाई? आता कोणासाठी?"

गिरजाबाईंचा सूर तुटला.

"मले आखाडातच समजलं होतं," गोदावरीबाई म्हणाल्या. "जाताना चार बोटं चुकलेलं, येताना वीतभर एकसारखं. मी काय आंधळी आहे? मी तिले तेव्हाच म्हटलं, तुझ्या मायनं आम्हाले फसवलं. हो म्हणाली. कबूल केलं तिनं."

"मग..." गिरजाबाई म्हणाल्या.

"मग काय. रोज म्हटलं असन मी तिले. खोट्या घरची म्हटलं, मी नाही म्हणत नाही. सासू आहे, बोललीच असन. दर बारी म्हटलं, जा, मायले सांग की आम्हाले माहीत आहे, अन् ज्या हातानं विणला त्याच्याच नावानं आणून दे. तं पाया पडायची. आईले नका सांगू, ताईले वाईट वाटन, म्हणायची." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तुमच्याजवळ काहीच बोलली नाही का थे?"

खोलीतल्या सगळ्या बायका गिरजाबाईंकडे बघत होत्या. गिरजाबाईंनी रुखमिणीकडे पाहिलं.

"स्वेटर मी विणला," रुखमिणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पहिल्या टाक्यापासून मी विणला. तिनं काही केलं नाही."

"माहीत आहे बाई," गोदावरीबाई म्हणाल्या. "तेच तं म्हणून राहिली."

कोणीतरी पंगत बसल्याचं सांगायला आलं, आणि बायका उठल्या.

परतीच्या बसमध्ये कृष्णराव पुढच्या बाकावर बसले होते, मफलर कानावरून घट्ट बांधून. मागे ह्या दोघी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून झालेल्या बांधी, त्यात धानाची खुटं. गिरजाबाई मांडीवरची सामानाची टोपली दोन्ही हातांनी धरून होत्या. मग समोर बघतच त्यांनी विचारलं, "तुले काही बोलली होती का थे? मी तं स्वयंपाकातच राहायची. तूच राहायची तिच्याजवळ."

रुखमिणीला नाही म्हणता आलं असतं. त्या घरात सगळ्यांना ते जमत होतं.

"बोलली होती."

"काय?"

"मी नाही गेली तं चालन का, म्हणे."

गिरजाबाईंचा श्वास आत ओढल्याचा आवाज आला. "मग तूनं काय म्हटलं?"

"थांब म्हटलं. मी बाहीचे टाके मोजून राहिली होती."

बस कुठेतरी थांबली. दोन माणसं पोती घेऊन चढली, त्यांच्यावर कंडक्टर ओरडला, बस परत सुटली. गिरजाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, इतका की त्यांचं तोंड दिसेना. त्यांनी रुखमिणीला बोल लावला नाही. स्वेटर बाहेर नेणारे हात कोणाचे होते, हे त्यांनाही माहीत होतं. पण त्या सरकल्या. बाकावर जागा नव्हती तरी खिडकीकडे सरकल्या, आणि दोघींच्या मध्ये टोपली ठेवली.

भंडाऱ्याला उतरून जवाहरनगरची गाडी धरायची होती. कृष्णराव गाडी कधी सुटते ते विचारायला गेले. दोघी सामानाजवळ उभ्या राहिल्या. गार वारा होता. रुखमिणीचा पाय बसमध्ये आखडला होता. एरवी अशा वेळी गिरजाबाई न सांगता खांदा पुढे करायच्या. रुखमिणी थोडा वेळ वाट पाहत राहिली. मग तिने गुडघ्यावर हात दाबला आणि बाकाकडे एकटीच निघाली.